चित्तशांतीची बौद्ध साधना

रागाने थरथरणाऱ्या माणसाला 'शांत हो' असे सांगितले आणि तो शांत झाला, असे सहसा घडत नाही. बहुधा या उपदेशाने त्याचा पारा आणखीच चढतो. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. ऐकणाऱ्यालाही शांत व्हावयाचे नसते असे नाही. परंतु शांत व्हावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, हे दोघांपैकी कोणालाच ठाऊक नसते. बुडणाऱ्याला काठावरून 'पोह, पोह' म्हणून ओरडावे, तशातलाच हा प्रकार होय.

मनःशांतीची थोरवी गाणारे वाङ्मय आपल्याकडे विपुल आहे. बौद्ध परंपरेचे वैशिष्ट्य असे की, तिने थोरवीबरोबर अभ्यासक्रमही आखून दिला. कोठे बसावे, लक्ष कोठे ठेवावे, मन भटकले तर काय करावे, येथपर्यंतचे तपशील पाली ग्रंथांत आले आहेत. ध्यानाला बसल्यावर झोप येऊ लागली तर काय करावे, याचीही चर्चा तेथे आहे. महामोग्गल्लान हा बुद्धाच्या दोन अग्रश्रावकांपैकी एक. पण साधनेच्या आरंभी त्यालाही डुलक्या येत. कान चोळून पाहा, डोळ्यांवर पाणी मार, उठून आकाशातील नक्षत्रे न्याहाळ, येरझारा घाल, असे एकामागून एक उपाय बुद्धाने त्याला सुचविले आणि यांपैकी कशानेही भागले नाही तर सरळ उजव्या कुशीवर सावधपणे निजावे, असा सल्लाही दिला. ध्यान ही सिद्धपुरुषांचीच मिरासदारी आहे, असे मानणाऱ्यांना हे प्रकरण दिलासा देणारे आहे.

दीघनिकायातील महासतिपट्ठान सुत्त आणि मज्झिमनिकायातील आनापानसति सुत्त ही या अभ्यासक्रमाची मुख्य प्रकरणे. पुढे इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी श्रीलंकेत 'विसुद्धिमग्ग' हा ग्रंथ रचून त्यात या साधनेची पद्धतशीर मांडणी केली. आधुनिक काळात या ग्रंथाचे संपादन करणाऱ्यांत गोव्यातील सांखवाळचे सुपुत्र धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) यांचा मान मोठा आहे. बौद्ध धर्माच्या ओढीने घर सोडून ते श्रीलंकेत गेले, १९०२ साली तेथे भिक्षू झाले, ब्रह्मदेशात राहून त्यांनी ध्यानाचा अभ्यास केला आणि 'समाधिमार्ग' या पुस्तकाने हा विषय मराठीत आणला.

पाण्याचे पाच दोष

अशांती म्हणजे तरी काय? आपण हा शब्द एकवचनात वापरतो. पाली ग्रंथांनी मात्र तिचे पाच प्रकार मानले आहेत. त्यांना 'नीवरण', म्हणजे आड येणारी गोष्ट, असे नाव आहे.

संगारव नावाच्या ब्राह्मणाने बुद्धाला विचारले की, पुष्कळ दिवस घोकलेले मंत्रही कधीकधी ऐन वेळी आठवत नाहीत आणि कधी न घोकलेलेही आठवतात, याचे कारण काय? उत्तरादाखल बुद्धाने पाण्याने भरलेल्या भांड्याचा दृष्टांत दिला. त्या पाण्यात आपला चेहरा पाहावयाचा आहे. पाण्यात रंग मिसळला असेल तर चेहरा दिसणार नाही. ही हव्यासाची अवस्था. पाणी चुलीवर खदखदत असेल तरी दिसणार नाही. ही द्वेषाची अवस्था. त्यावर शेवाळ माजले असेल, तर तो आळस आणि सुस्ती. वाऱ्याने लाटा उठत असतील, तर ती अस्वस्थता आणि पश्चात्ताप. पाणी गढूळ असून भांडे अंधारात ठेवले असेल, तर तो संशय.

या दृष्टांताचा व्यावहारिक उपयोग मोठा आहे. उकळते पाणी थंड करावयाचे तर खालचा जाळ काढला पाहिजे. शेवाळ काढावयाचे तर हात घातला पाहिजे. वाऱ्यापासून आडोसा केला पाहिजे. एकाच औषधाने हे पाचही दोष जाणार नाहीत. पावसाने ओढ दिल्यामुळे पेरणीच्या काळजीने रात्र जागून काढणारा शेतकरी आणि भाऊबंदकीच्या दाव्यात सूडाचे बेत करीत जागणारा शेतकरी, दोघांचीही झोप उडालेली असते. परंतु एकाचे पाणी वाऱ्याने हलते आहे, तर दुसऱ्याचे उकळते आहे. आपले पाणी कशाने बिघडले आहे हे ओळखणे, हाच साधनेचा पहिला पाठ होय. आणि एक गोष्ट या दृष्टांतात गृहीतच आहे: पाणी मुळात स्वच्छ असते. शांती बाहेरून आणून त्यात ओतावी लागत नाही.

श्वासाचा आधार

या पाठाची सुरुवात श्वासापासून होते. 'आन' म्हणजे आत येणारा श्वास, 'अपान' म्हणजे बाहेर जाणारा आणि 'सति' म्हणजे जागरूकता. पाठ ताठ ठेवून सुखाने बसावे, डोळे मिटावेत आणि नाकपुड्यांशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवावे, एवढीच ही क्रिया आहे. श्वास लांब असेल तर तो लांब आहे हे जाणावे, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणावे. प्राणायामात श्वासाचे नियमन करावयाचे असते. येथे ते कटाक्षाने टाळावयाचे असते. साधकाचे काम पहारेकऱ्याचे आहे. वेशीतून कोण आले, कोण गेले, एवढेच त्याने पाहावयाचे.

श्वासच का निवडला, याची कारणे उघड आहेत. तो सदैव जवळ असतो, त्याला खर्च नाही आणि त्याला धर्म-जात नाही. शिवाय मनाशी त्याचे नाते फार जवळचे आहे. राग, भीती वा वासना उद्भवताच त्याची लय बिघडते आणि मन निवळले की तो आपोआप सूक्ष्म होतो. रागाचे भान माणसाला उशिरा येते. श्वासावर लक्ष ठेवण्याची सवय असेल, तर त्याची वर्दी आधी मिळते.

क्रिया सोपी वाटते. ती करून पाहिल्यावर तिची अवघडता कळते. पाच-सहा श्वास होतात न होतात तोच मन बाजारात, कचेरीत किंवा दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या अपमानापाशी जाऊन पोहोचते. नवशिक्याला वाटते की, आपल्याला हे जमणार नाही. वस्तुतः मन निसटले हे कळणे आणि त्याला न रागावता पुन्हा श्वासापाशी आणणे, हाच अभ्यास आहे. शंभर वेळा निसटले तर शंभर वेळा आणावे. येथे अतिरेकी जिद्दही उपयोगाची नाही. सोण नावाच्या भिक्षूने चंक्रमण करता करता पायांतून रक्त काढले, तरी त्याला फळ मिळेना. तो पूर्वाश्रमीचा वीणावादक. वीणेच्या तारा फार ताणल्या तर सूर नीट लागतो काय, आणि फार सैल सोडल्या तर लागतो काय, एवढेच बुद्धाने त्याला विचारले.

उपेक्षा आणि उपेक्खा

श्वासाच्या अभ्यासाने मन एकाग्र होते व त्या एकाग्रतेत खरोखर शांती असते. पाली परंपरेत तिला 'समथ' म्हणतात. अनेकांची समजूत अशी की, ध्यानाचे प्रयोजन येथे संपले. बुद्धाचे मत तसे नव्हते. गृहत्याग केल्यानंतर सिद्धार्थ गौतमाने आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त या दोन गुरूंकडून अत्युच्च समाधी शिकून घेतल्या. दोघांनीही त्याला आपल्या बरोबरीचे स्थान देऊ केले. तरीही तो समाधान न पावता तेथून निघाला. समाधीत असेपर्यंत शांती आणि उठल्यावर पुन्हा तेच मन, तेच विकार, ही अडचण त्याला दिसली होती. देवळात तासभर शांत बसून घरी येताच क्षुल्लक कारणावरून भांडी आदळणाऱ्या माणसाची अडचण याहून निराळी नाही.

यावरील उपाय म्हणजे विपश्यना, पालीत 'विपस्सना'; शब्दशः, विशेष रीतीने पाहणे. स्थिर झालेले लक्ष आता शरीरभर फिरवावयाचे आणि जेथे जी संवेदना असेल ती जाणावयाची: उष्णता, थंडी, खाज, जडपणा, कंप, दुखणे. या संवेदनांना पाली ग्रंथ 'वेदना' म्हणतात व तिचे सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली असे तीन प्रकार करतात.

संवेदनेला एवढे महत्त्व का? बुद्धाच्या कारणमीमांसेत याचे उत्तर आहे. आपण समजतो की, शेजाऱ्याने अपशब्द उच्चारला म्हणून आपल्याला राग आला. वास्तविक या दोन घटनांच्या मध्ये आणखी एक घटना घडून गेलेली असते. शब्द कानी पडतो, मन त्याला वाईट ठरवते, शरीरात एक अप्रिय संवेदना उठते आणि ती सहन न होऊन आपण उसळतो. वेदनेपासून तृष्णा निर्माण होते, असे प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत सांगितले आहे. ही साखळी तोडावयाची तर याच कडीवर घाव घातला पाहिजे. शेजाऱ्याचे तोंड आपल्या हाती नाही. अंगात उठलेली आग चार क्षण नुसती पाहणे मात्र शिकता येते. ती पाहू लागले की, ती चढते, टिकते आणि ओसरते, हे कळते. अनित्यतेचा सिद्धांत अशा रीतीने ग्रंथातून अंगावर उतरतो.

संयुत्तनिकायात दोन बाणांचा एक दृष्टांत आहे. बाण लागला की शरीराला वेदना होते; ती ज्ञानी माणसालाही चुकत नाही. अज्ञानी माणूस मात्र त्याच वेळी शोक व संताप करून दुसरा बाण स्वतःवर मारून घेतो. साधनेने वाचतो तो हा दुसरा बाण.

सुखद संवेदना आली तर तिला धरून ठेवावयाचे नाही आणि दुःखद आली तर तिला हाकलावयाचे नाही, या वृत्तीला पालीत 'उपेक्खा' म्हणतात. आपल्या भाषेत आल्यावर या शब्दाचे नशीब फिरले. मराठीत 'उपेक्षा' म्हणजे हेळसांड, दुर्लक्ष. मूळ धातूचा अर्थ मात्र जवळून पाहणे असा आहे. आजारी मुलाजवळ रात्रभर न घाबरता बसून राहणारी आई मुलाची उपेक्षा करीत नाही. तिच्या ठायी उपेक्खा असते. म्हणूनच हल्लीचे आचार्य 'समता' हा शब्द वापरतात व तो अधिक सोयीचा आहे.

लेखा कार्यालयातून इगतपुरीकडे

महाराष्ट्राला ही साधना नवी नाही. कार्ले, भाजे, जुन्नर, नाशिक येथील विहार ही भिक्षूंची राहण्याची व साधनेची स्थाने होती. मुंबईजवळच्या कान्हेरीत शंभरांहून अधिक लेणी आहेत. त्यांतील लहान लहान खोल्यांतले दगडी ओटे आणि बाहेरची पाण्याची टाकी पाहिली म्हणजे वर्षावासाच्या महिन्यांत तेथे वस्ती कशी असेल, याची कल्पना येते. पुढे ही परंपरा भारतात खंडित झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतल्यानंतर पंचशीलाचे शब्द महाराष्ट्रातील लक्षावधी घरांत पोहोचले. ध्यानाची पद्धत मात्र ब्रह्मदेशाने सांभाळली होती आणि तेथून ती परत आली.

परत येण्याचा मार्ग थोडा अनपेक्षित आहे. भिक्षू लेडी सयाडो (१८४६-१९२३) यांनी ही साधना गृहस्थांसाठी खुली केली. त्यांचे शिष्य सया तेजी हे शेतकरी होते आणि त्यांचे शिष्य सयाजी ऊ बा खिन (१८९९-१९७१) हे सरकारी लेखा खात्यातले अधिकारी. ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, त्या दिवशी ते त्या देशाचे पहिले महालेखापाल झाले. जमाखर्चाच्या वह्यांत बुडालेल्या कार्यालयात त्यांनी सहकाऱ्यांना ध्यान शिकविले आणि १९५२ साली रंगून येथे साधना केंद्र उभारले. संसार, नोकरी, जबाबदारी यांमुळे ध्यानाला सवड मिळत नाही, ही सबब त्यांच्यापुढे टिकणारी नव्हती.

त्यांच्याकडे १९५५ साली मंडाले येथे जन्मलेले एक मारवाडी उद्योजक, सत्यनारायण गोएंका (१९२४-२०१३), आले. असह्य अर्धशिशीने ते त्रस्त होते. देशोदेशीच्या डॉक्टरांचे उपचार झाले होते आणि मॉर्फिनच्या इंजेक्शनांची सवय जडण्याची भीती निर्माण झाली होती. डोकेदुखी बरी करण्यासाठी यावयाचे असेल तर येऊ नका, असे ऊ बा खिन यांनी त्यांना प्रथम बजावले. मनाच्या शुद्धीसाठी असलेल्या साधनेचे मोल शारीरिक आजाराच्या औषधाएवढे करू नये, असा त्यांचा दृष्टिकोन होता. गोएंका पुढे चौदा वर्षे त्यांच्यापाशी शिकले. १९६९ साली ते भारतात आले व जुलै महिन्यात मुंबईतील एका धर्मशाळेत त्यांनी पहिले शिबिर घेतले. साधकांत त्यांचे आईवडीलही होते. नाशिक जिल्ह्यात इगतपुरी येथे १९७६ पासून 'धम्मगिरी' या केंद्राचे काम सुरू झाले. मुंबईत गोराई येथे उभारलेल्या पॅगोडाचे लोकार्पण ८ फेब्रुवारी २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. त्याच्या खांब नसलेल्या घुमटाखाली सुमारे आठ हजार साधक बसू शकतात.

शिबिराचे दहा दिवस

पहाटे चार वाजता घंटा होते आणि रात्री साडेनऊला दिवे मालवले जातात. या दरम्यान सुमारे दहा तास ध्यान असते. अकराला जेवण; सायंकाळी नव्या साधकांना चहा व थोडी फळे. पहिले नऊ दिवस 'आर्य मौन' पाळावयाचे असते. बोलणेच नव्हे, तर खाणाखुणाही वर्ज्य. वाचन, लेखन, दूरध्वनी बंद. हिंसा, चोरी, कामाचार, असत्य आणि मादक पदार्थ यांपासून अलिप्त राहण्याचे पाच नियम आरंभीच स्वीकारावे लागतात. नैतिक आचरणाचा पाया नसेल तर मन स्थिर होत नाही, ही त्यामागील भूमिका आहे.

पहिले तीन दिवस केवळ श्वास. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते आणि त्यानंतर दिवसातून तीन वेळा एकेक तास हातपाय न हलविता बसण्याचा प्रयत्न करावयाचा असतो. गुडघे ठणकू लागतात, पाठ भरून येते. बहुतेकांना घरी परत जावेसे वाटते ते याच सुमारास. त्यानंतर काहींना अंगभर हलकी, सुखद लहर जाणवते आणि दुसऱ्या दिवशी ती न आल्यास ते हिरमुसतात. शांतीचाही हव्यास जडू शकतो, हे तेव्हा त्यांच्या ध्यानी येते. दहाव्या दिवशी मैत्रीभावना शिकविली जाते व मौन सुटते. निवास, भोजन वा शिकवणुकीचे शुल्क नाही. शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच दान स्वीकारले जाते.

तुरुंगाच्या भिंतींआड

साधनेची खरी कसोटी लागली ती तुरुंगात. १९७५ साली राजस्थानचे तत्कालीन गृहसचिव राम सिंह यांच्या पुढाकाराने जयपूर मध्यवर्ती कारागृहात शिबिर झाले. स्वतः शिबिर केल्यानंतर त्यांना ही कल्पना सुचली होती. काही कैद्यांना बेड्या घालून आणण्यात आले, तेव्हा बेड्यांतल्या माणसाला मी मुक्तीची विद्या कशी शिकवू, अशी हरकत गोएंकांनी घेतली. अधिकाऱ्यांपुढे पेच उभा राहिला, कारण हे कैदी धोकादायक मानले गेलेले होते. अखेर बेड्या काढण्यात आल्या आणि शिबिर निर्विघ्न पार पडले.

पुढील पाऊल पडावयास मात्र बराच काळ जावा लागला. दिल्लीच्या तिहार कारागृहात, किरण बेदी तुरुंग महानिरीक्षक असताना, १९९३ च्या अखेरीस शिबिरे सुरू झाली आणि एप्रिल १९९४ मध्ये एक हजारांहून अधिक कैदी एकाच शिबिरात बसले. या प्रयोगावर १९९७ साली एक माहितीपटही निघाला.

कैद्याची शिक्षा शिबिराने कमी होत नाही. हातून घडलेले कृत्य पुसले जात नाही. साधारण माणूस अप्रिय विचारापासून पळ काढू शकतो; तो बाजारात जातो, सिनेमा पाहतो, गप्पा मारतो. कैद्याला ती वाट बंद असते. त्याचे पाणी वर्षानुवर्षे सूडाने उकळत असते किंवा पश्चात्तापाने हिंदकळत असते. अशा माणसाला दहा दिवस मौनात स्वतःसमोर बसविणे ही जोखीम होती. ती घेतली गेली, कारण संताप अंगात जेथे उठतो तेथेच तो पाहण्याचे तंत्र त्याला प्रथमच कोणी देत होते.

दावे आणि मर्यादा

ध्यानाच्या गुणांविषयी अतिशयोक्ती पुष्कळ होते. ती टाळलेली बरी. १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबात-झिन यांनी बौद्ध सतिसाधनेच्या आधारे जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी एक कार्यक्रम सुरू केला आणि तेव्हापासून वैद्यकशास्त्र या विषयाकडे गांभीर्याने पाहू लागले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली ४७ चाचण्यांचा, म्हणजे एकूण ३,५१५ व्यक्तींवरील निष्कर्षांचा, एकत्रित आढावा घेतला. चिंता, खिन्नता आणि वेदना यांत ध्यानामुळे काही प्रमाणात उतार पडतो, असे त्यांना आढळले. मात्र औषधे, व्यायाम यांसारख्या अन्य उपायांपेक्षा ध्यान अधिक गुणकारी आहे, असा पुरावा मिळाला नाही. हा निष्कर्ष निराशाजनक मानण्याचे कारण नाही. डोकेदुखीसाठी येऊ नका, असे सांगणाऱ्या लेखा अधिकाऱ्याशी तो बराचसा जुळतो.

शिबिरानंतर सकाळ-संध्याकाळ एकेक तास साधना करावी, असे सांगितले जाते. संसारी माणसाकडून हे क्वचितच निभते, हेही मान्य केले पाहिजे. पण सवय लहानपणी लागल्यास गोष्ट निराळी. २०१० नंतरच्या दशकात राज्याच्या शालेय शिक्षण विभागाच्या सहकार्याने 'मित्र उपक्रम' राबविण्यात आला. त्यात विद्यार्थ्यांना आनापान शिकवून शाळेतच रोज काही मिनिटे श्वासावर लक्ष ठेवण्याची सवय लावण्याची योजना होती. घरी प्रारंभ करू इच्छिणाऱ्या प्रौढांनाही दहा मिनिटांपासून सुरुवात करता येईल. अंथरुणावर पडल्यावर झोप येईपर्यंत श्वास पाहणेही काही कमी नाही.

दहा दिवसांच्या शिबिराची गोष्ट वेगळी. ज्यांना तीव्र मानसिक आजार आहे किंवा पूर्वी होऊन गेला आहे, त्यांनी ते परस्पर करू नये. दीर्घ मौन व एकांत अशा प्रकृतीला मानवत नाही आणि त्रास वाढल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदली गेली आहेत. चालू असलेली औषधे शिबिरासाठी स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. प्रवेश अर्जात शारीरिक व मानसिक आरोग्याविषयी प्रश्न विचारलेले असतात. नाकारले जाऊ या भीतीने काहीजण तेथे माहिती दडवितात. ती खरी भरावी, आणि शंका असल्यास अर्ज करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.